मज्जासंस्थेच्या कामात मॅग्नेशियमची नेमकी भूमिका काय?

मुख्य काम आवर घालण्याचं. मेंदूतल्या पेशींवर एनएमडीए नावाचे रिसेप्टर, म्हणजे रासायनिक संदेश पकडणारी दारं, असतात. ग्लुटामेट हे उत्तेजित करणारं रसायन चिकटलं की त्यांचं दार उघडतं, पण वाटेत मॅग्नेशियमचा आयन, म्हणजे विद्युतभार असलेला कण, बुचासारखा बसलेला असतो. किरकोळ संदेशाने बूच हलत नाही. संदेश जोरदार असेल तरच पेशीचा विद्युतभार पुरेसा बदलतो, आयन बाहेर ढकलला जातो आणि कॅल्शियम आत शिरतं. शिकणं, लक्षात राहणं यासाठी हीच पायरी लागते. एवढासा आयन कुठला संदेश महत्त्वाचा हे ठरवायला मदत करतो, याचं मला आजही नवल वाटतं.

मज्जातंतू स्नायूला भेटतो तिथेही मॅग्नेशियम कॅल्शियमला अडवतं, त्यामुळे ॲसिटिलकोलीन हे स्नायूला आकुंचनाचा संदेश देणारं रसायन बेतानेच सुटतं. मॅग्नेशियम बरंच घटलं की हात थरथरतात, पेटके येतात, क्वचित झटकेही. उलट गरोदरपणातल्या एक्लॅम्प्सियाचे झटके थांबवायला मॅग्नेशियम सल्फेटच देतात. तेव्हा डॉक्टर गुडघ्याखाली हातोडी मारून बघत राहतात: पाय उडेनासा झाला, तर मात्रा जास्त होत चालली आहे.

शिवाय पेशींचं इंधन असलेलं एटीपी मॅग्नेशियमला जोडूनच वापरलं जातं.

रक्ततपासणी नॉर्मल आली म्हणून कमतरता नाहीच, असं धरू नका. शरीरातलं १ टक्क्याहूनही कमी मॅग्नेशियम रक्तात असतं. आणि मूत्रपिंडाचा त्रास असेल तर गोळ्या स्वतःच्या मनाने अजिबात घेऊ नका, जादा मॅग्नेशियम बाहेर टाकण्याचं काम तेच करतं.