जुन्या फोनला व्हिडिओ कॉल का नाही?

प्रश्न : माझ्या जुन्या हँडसेटला कॅमेरा आहे, इंटरनेट चालतं, मग कंपनीने एक अपडेट देऊन व्हिडिओ कॉलिंग चालू करायला काय हरकत आहे? मुद्दाम अडवतात ना, नवीन फोन खपावा म्हणून?

उत्तर : थोडं मुद्दाम असतंही, नाही असं नाही. पण आधी तुमचा कॅमेरा कुठल्या बाजूला आहे ते बघा. फक्त मागे असेल तर बोलताना एकतर समोरच्याला तुम्ही दिसणार नाही, नाहीतर तुम्हाला तो दिसणार नाही, असा कॉल करून करायचं काय? त्यात व्हिडिओ कॉल म्हणजे चित्र घ्यायचं, दाबून लहान करायचं, पाठवायचं आणि त्याच वेळी पलीकडून आलेलं उलगडून दाखवायचं, हे सगळं एकदम, त्यामुळे जुना प्रोसेसर धापा टाकतो, फोन तापतो, बॅटरी तर बघता बघता संपते.

तशी ही कल्पना जुनीच हो. जपानमध्ये १९९९ सालीच क्योसेरा कंपनीने व्हिडिओ कॉलचा मोबाईल आणलेला, सेकंदाला जेमतेम दोन चित्रं दिसायची. मग थ्रीजी आलं, त्यात व्हिडिओ कॉलला सेकंदाला ६४ किलोबिटची, म्हणजे अगदी बारीक लाईन, चित्र १७६ बाय १४४ ठिपक्यांचं, म्हणजे चेहरा ओळखला तरी खूप. अ‍ॅपलनेसुद्धा २०१० मध्ये फेसटाइम हे आपलं व्हिडिओ कॉलिंग दिलं ते पुढचा कॅमेरा असलेल्या आयफोन ४ वर, आणि तेही सुरुवातीला फक्त वायफायवर.

माझं मत विचाराल तर पुढे कॅमेरा आहे, प्रोसेसरही बरा आहे आणि तरी देत नसतील तर खुशाल भांडा, नाहीतर उगाच अडखळणारा कॉल देण्यापेक्षा न दिलेला बरा.