‘वय झालंय’ हे उत्तर चालणार नाही

प्रश्न : माझी आई ८१ वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी पॅरालिसिसचा झटका येऊन तिची उजवी बाजू कमजोर झाली. आम्ही दोघी बहिणी नोकरी करतो, म्हणून तिला पुण्याबाहेरच्या एका वृद्धाश्रमात ठेवलंय. महिन्याला २८,००० रुपये भरतो. जागा स्वच्छ आहे, बाग आहे, संध्याकाळी भजन असतं. पण तीन महिन्यांत तिचं वजन ५१ किलोवरून ४६ वर आलंय आणि माकडहाडापाशी लाल चट्टा दिसतोय. व्यवस्थापकांना विचारलं तर म्हणतात, “ताई, वय झालंय आता.” तक्रार केली तर मावश्या आईवर राग काढतील अशी धास्ती वाटते. काय करावं? – एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, वय काही या तीन महिन्यांत झालेलं नाही. तीन महिन्यांत दहावा हिस्सा वजन गेलं, तर त्यामागे शोधता येईल असं कारण असतं. माझं आयुष्य नर्सिंगमध्ये गेलं, निवृत्तीनंतर वृद्धाश्रमांतून मावश्यांना शिकवायला जाते, म्हणून ठामपणे लिहिते.

आधी तो चट्टा. आजच जा. चट्ट्यावर बोट हलकेच दाबून उचला. जागा क्षणभर पांढरी पडून पुन्हा लाल झाली, तर अजून वेळ हातात आहे. लालीच हटत नसेल, तर आतली कातडी दुखावली गेली आहे. बेडसोअरची, म्हणजे एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमेची, ती पहिली पायरी. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही, तिथे हाताला गरम किंवा कडक लागतंय का बघा. टाचा आणि दोन्ही खुबेही तपासा. चट्टा चोळू नका, तेल लावून मालिश तर अजिबात नको. हवेची गोल रिंगही खाली ठेवू नका. रिंगच्या कडेचा दाब पडून भोवतीचा रक्तपुरवठा कमी होतो. एअर मॅट्रेस घ्या, पण ती आली म्हणून कूस बदलणं थांबत नाही. ज्यांना स्वतः वळता येत नाही त्यांना दिवसा आणि रात्रीही साधारण दर दोन तासांनी वळवावं लागतं. म्हणून रात्रपाळीला मावश्या किती आणि त्यांच्याकडे माणसं किती, हे विचाराच. बाग आणि भजन सगळे दाखवतात. वृद्धाश्रमाची खरी परीक्षा रात्री असते.

आता वजन. तुम्ही रविवारी चार वाजता भेटायला जात असाल, तर त्या वेळेला सगळं ठीकच दिसेल. जेवणाच्या वेळेला जा. मी हे अनेक ठिकाणी पाहिलंय : आजींसमोर ताट येतं, वरण-भात, भाजी, पोळी. उजवा हात चालत नाही, म्हणून डाव्या हाताने चमचा धरून सावकाश खाणं चाललेलं असतं. दोन घास पोटात, एक गाऊनवर. दहा-पंधरा मिनिटांत मावशी ताटं गोळा करत येते. “झालं का आजी?” आजी भिडेपोटी मान हलवतात, आणि वहीत ‘जेवण घेतले’ अशी नोंद होते. भरवणाऱ्या माणसाला निदान अर्धा तास द्यावा लागतो. आईची कवळी जागेवर आहे का, की कुठल्या डब्यात राहिली, हेही बघा. पाणी पिताना ठसका लागत असेल तर डॉक्टरांना सांगा; झटक्यानंतर गिळण्याला त्रास होतो, आणि आडवं झोपवून भरवणं अशा वेळी धोक्याचं असतं. संध्याकाळचं जेवण साडेसहाला आणि नाश्ता नऊला असेल, तर मधल्या चौदा-पंधरा तासांत कपभर दूध तरी मिळतं का?

पाण्याबद्दल मला फार वाईट वाटतं. डायपर कमी बदलावे लागावेत म्हणून संध्याकाळनंतर पाणी हात राखून दिलं जातं. लघवी गडद होते, संसर्ग होतो, माणूस बरळायला लागतं, आणि मग त्यालाही ‘वय’ म्हणतात. आई दिवसा फार पेंगत असेल तर गोळ्यांच्या स्ट्रिप मागून बघा. झोपेची गोळी कुणी, कधी लिहून दिली ते स्पष्ट कळलं पाहिजे.

तुमची धास्ती खरी आहे, ती मी झटकणार नाही. म्हणून मावशीवर चिडू नका. बारा-बारा तासांची पाळी करणाऱ्या त्या बाईच्या हाती माणसं जास्त दिली, हा तिचा गुन्हा नव्हे. तिच्याशी गोड राहा, तिच्यासमोर आईला एक वेळ स्वतः भरवा. मागणी व्यवस्थापकांकडे करा आणि लेखी करा. पत्रात आरोप नकोत : दर आठवड्याला वजन, कूस बदलल्याची वेळ लिहिलेला कागद पलंगापाशी, भरवायला माणूस, चट्टा डॉक्टरांनी तपासून लिहिलेली नोंद. तुमच्या प्रतीवर तारीख आणि सही घ्या. चट्ट्याचा फोटोही तारखेसह ठेवा.

आठवड्यात काही हललं नाही, तर १४५६७ या ज्येष्ठ नागरिकांच्या राष्ट्रीय हेल्पलाइनवर बोला; ती विनामूल्य आहे. पैसे भरून घेतलेल्या सेवेत कसूर झाली, तर ग्राहक आयोगाचा रस्ताही आहे. पालकांच्या चरितार्थाच्या २००७ च्या कायद्याचा मुख्य भर मुलांच्या जबाबदारीवर आणि निराधार ज्येष्ठांसाठी सरकारने वृद्धाश्रम उभारण्यावर आहे. त्यामुळे तुमच्या या तक्रारीत त्याचा फार आधार मिळायचा नाही.

चट्ट्यावरची कातडी उघडली, पाणी किंवा वास येऊ लागला, ताप आला, तर कुणाच्या उत्तरासाठी थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आणि पुढच्या महिन्याचं आईचं वजन मला जरूर कळवा.