ग्रुप फोटोतले चेहरे आहेत, नावं कुठं गेली?

प्रश्न : ताई नमस्कार. मी दर्यापूर तालुक्यातला, घरी शेती आहे. बाबा मागच्या वर्षी गेले. दिवाळीच्या साफसफाईत त्यांची लोखंडी पेटी काढली तर शाळेचे दोन ग्रुप फोटो निघाले, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले. दोन्हीत समोर ठेवलेल्या पाटीवर साल १९७५च आहे पण एकात वर्ग अकरावी आणि दुसऱ्यात दहावी. बाबा मॅट्रिक होते एवढंच आम्हाला माहीत. मोठेबाबाही त्याच शाळेत एक वर्ग पुढे होते, तेही आता नाहीत, आणि दोघं भाऊ दिसायला सारखेच. खाली छापलेली नावं वाळवीनं खाल्ली. आई म्हणते लॅमिनेशन करून टाक. काय करू?

उत्तर : भाऊ, पहिले ते लॅमिनेशन थांबवा, आईला माझ्याकडून हात जोडून सांगा. गरम प्लॅस्टिक एकदा फोटोला चिकटलं की परत निघत नाही, आणि पुठ्ठा जाड म्हणून दुकानवाला फोटो सोलून काढायला जातो तिथंच घात होतो. सेलोटेपही नको, ती पिवळी पडते आणि डाग सोडते. आधी मोबाईलवर फोटो काढून घ्या, सकाळी ओसरीत सावलीला ठेवून, फ्लॅश बंद, मोबाईल बरोबर वर आडवा धरून, एकदा पूर्ण आणि मग एकेक रांग जवळून, मागची बाजू पण. तालुक्याला स्कॅनर असेल तर ६०० डीपीआयवर करून मागा. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर चेहरा मोठा केला की नुसते ठिपके दिसतात. मूळ फोटो मऊ ब्रशनं झटकून सुती कापडात गुंडाळा आणि पेटी जमिनीवरून उचलून फळीवर ठेवा, मातीच्या भिंतीपासून जरा दूर, वाळवी तिथूनच येते.

आता १९७५चं. दोन्ही फोटो बरोबर आहेत. आपल्याकडे आधी मॅट्रिक म्हणजे अकरावी होती, मग नवा आकृतिबंध आला आणि १९७५ला दहावीची पहिली बॅच बोर्डाला बसली, त्याच वर्षी जुन्या अकरावीची शेवटची पण बसली, म्हणजे एकाच शाळेतून एकाच वर्षी दोन वर्गांचा सेंडऑफ झाला. मोठेबाबा एक वर्ग पुढे होते म्हणता, तर दोघं भाऊ एकाच साली मॅट्रिक झालेले दिसतात, मोठे अकरावीतून आणि तुमचे बाबा दहावीतून. बाबांची टीसी शोधा, शाळा कोणत्या वर्गातून सोडली ते त्यावर असतं. बोर्डाच्या सर्टिफिकेटवर नागपूर दिसलं तर गोंधळू नका, अमरावतीचं वेगळं मंडळ नंतर झालं. आणि हे फोटो जपाच. भाऊसाहेब पंजाबराव देशमुखांनी १९३२ला अमरावतीत शिवाजी शिक्षण संस्था काढली, तिथून पुढे वऱ्हाडातल्या शेतकऱ्यांची पोरं हायस्कूलची पायरी चढायला लागली, कितीतरी घरांत पहिला मॅट्रिक झालेला माणूस असाच एखाद्या ग्रुप फोटोत उभा आहे.

नावांचं काम मात्र घाईचं आहे. त्या वर्गातली माणसं आज पासष्ट-सत्तरच्या घरात आहेत. शाळेत दाखल-खारीज रजिस्टर असतं, त्यात वर्गातल्या सगळ्यांची नावं मिळतील, पण त्या पानाचा फोटो काढून ग्रुपवर टाकू नका, त्यात जात आणि जन्मतारीख असते, लोकांच्या जात पडताळणीची कामं त्यावर चालतात म्हणून बाबू लोकही ते जपतात. अर्ज करा आणि फक्त नावं उतरवून मागा. एक लक्षात ठेवा, फोटोत नाही म्हणजे वर्गात नव्हता असं नाही. कापूस वेचणी चालू असली की अर्धी पोरं वावरात असायची.

आणि म्हाताऱ्या माणसाला फोटो दाखवून नाव काय असं विचारू नका, नाव आठवत नाही आणि माणूस ओशाळतो. हा कोणत्या गावाहून यायचा, याचं वावर कुठं होतं, असं विचारा. मी आमच्या शाळेचा जुना फोटो घेऊन तिथल्या रिटायर चपराशी काकांकडे गेले होते. चष्मा पुसून बराच वेळ बघत बसले, मग मागच्या रांगेत टोकाला उभ्या मुलावर बोट ठेवलं, त्याचा उजवा खांदा खाली गेलेला. म्हणाले, "हे दुधाचं पोट्टं. कॅन घेऊन यायचं रोज पायी, म्हणून खांदा असा. नाव नाही आठवत बाप्पा, पण याच्या बापाचं वावर नाल्याच्या काठाले होतं." नाल्याकाठच्या वावरावरून गाव कळलं, गावावरून घर, आणि संध्याकाळपर्यंत नाव. कागदावर फोटोची रांग आखून त्या त्या जागी नाव लिहा, डावीकडून म्हणजे बघणाऱ्याच्या डावीकडून. फोटोच्या मागे लिहायचं झालं तर पेन्सिलनं अगदी हलक्या हातानं, बॉलपेन नको, उमटतो.

प्रश्न : भाचा अमेरिकेत आहे, त्याच्या मुलीचं शाळेचं इयरबुक पाहिलं. प्रत्येकाचा वेगळा फोटो, खाली नाव. ती म्हणते मी सीनिअर. आमच्या उमरखेडकडच्या शाळेत असं काही करता येईल का?

उत्तर : येईल की. तिकडे हायस्कूल बारावीपर्यंत असतं आणि शेवटच्या वर्षाच्या मुलांना सीनिअर म्हणतात, पुस्तक हातात आलं की पोरं एकमेकांच्या पानावर सह्या करतात. ही पद्धत फार जुनी आहे, येल कॉलेजचं १८०६चं पुस्तक पहिलं मानतात. तिकडच्या कितीतरी लायब्ऱ्यांनी जुनी इयरबुकं स्कॅन करून सगळ्यांसाठी खुली ठेवली आहेत. आपल्याकडे हस्तलिखित काढायची पद्धत होतीच, तेच पुन्हा सुरू करा. दहावीच्या प्रत्येक पोराला एक पान द्या, फोटो, पूर्ण नाव, गाव, आणि चार ओळी त्याच्याच अक्षरात. अक्षर त्याचंच पाहिजे, टाइप करू नका. एक प्रत शाळेत आणि एक गावच्या वाचनालयात ठेवा.

प्रश्न : आमच्या १९८८च्या दहावीच्या बॅचचं गेट-टुगेदर आहे, आर्वीजवळचं गाव. मुलं सगळी सापडली, पाच मुली सापडत नाहीत. फोटोखाली नावं आहेत तरी.

उत्तर : ताई, नावं आहेत पण ती माहेरची. लग्नानंतर आडनाव गेलं, काही घरांत नावही बदललं, आणि आपल्याकडे घरोघरी एक बेबी असतेच, तिचं रजिस्टरातलं नाव गल्लीत कोणालाच माहीत नसतं. माहेरच्या घरी जा, भावाला भेटा, भाऊबीजेच्या दिवसांत गेलात तर ती स्वतःच भेटेल. नंबर मिळाला की आधी तिला फोन करून विचारा, न विचारता ग्रुपमध्ये टाकू नका, प्रत्येकीच्या घरची परिस्थिती वेगळी असते. आणि ज्यांच्याकडे फोटो नाही त्यांना तो आधी पाठवा. खूप मुलींनी कॉपी घेतलीच नव्हती, घरून पैसे मिळाले नाहीत.

आमच्या वर्गातली एक मैत्रीण अशीच उशिरा सापडली. मोबाईलवर फोटो मोठा करून दिला तर सतरंजीवर बसलेली स्वतःला तिनं पहिल्यांदाच पाहिलं, वेणीला हात लावत म्हणाली, "ही रिबिन काळी दिसते न, लाल होती ती."