किचन राहू द्या काका, आधी पॉलिसी परत करा

नाशिकरोडचे एक निवृत्त शिक्षक लिहितात: "वय ६७, पेन्शन ३८ हजार. २००४ साली ८ लाखांना घेतलेला टू बीएचके विकून पुण्याला मुलीजवळ भाड्याने राहायचंय. एजंट ६५ लाख म्हणतो. ७ लाख घालून मॉड्युलर किचन आणि पीओपी केलं तर ७५ येतील का?" सोबत फोटो. आणि अगदी शेवटी: "बँकेतल्या मॅडमच्या सांगण्यावरून एफडी मोडून वर्षाला १० लाखांची पॉलिसी घेतली. तीन आठवड्यांपूर्वी कागद घरी आले. उरलेले सहा हप्ते घराच्या पैशातून भरायचे. घरविक्रीचा करही वाचेल म्हणाल्या."

काका, उत्तर आधी मेलवर पाठवलंय, कारण तुमच्या हातात जेमतेम आठवडा आहे. पॉलिसी हाती पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. स्टॅम्प ड्युटी, वैद्यकीय तपासणी आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याचे किरकोळ पैसे कापून बाकी रक्कम परत मिळते. उद्याच विमा कंपनीच्या शाखेत लेखी अर्ज द्या आणि तारखेच्या शिक्क्यासह पोच घ्या. पॉलिसी ज्या पाकिटातून आली ते जपून ठेवा. बँकेत "थांबा, वर विचारून सांगते" म्हणतील. थांबू नका.

१० लाखांचे सात हप्ते म्हणजे ७० लाख, आणि घर ६५ चं! पेन्शनवर जगणाऱ्या माणसाला हे विकलं याचा मला मनापासून राग आलाय. दुसरा हप्ता चुकला, तर भरलेल्या १० लाखांतला मोठा भाग जाईल. वर्षाला ५ लाखांवर हप्ता असल्याने मुदतीअंती होणारा फायदाही करपात्रच.

पॉलिसीने घरविक्रीचा कर एक रुपयाही वाचत नाही. ६५ वजा ८, नफा ५७ लाख. साडेबारा टक्क्यांनी कर, अधिभार-उपकर सोडून, सुमारे ७ लाख. खरेदीची किंमत महागाईनुसार वाढवून उरलेल्या नफ्यावर २० टक्के, हा दुसरा हिशेब थोडा जास्तच पडतो. दुसरं घर घेणार नसाल, तर सहा महिन्यांच्या आत आरईसी किंवा पीएफसी या सरकारी कंपन्यांच्या, घरविक्रीच्या नफ्यावरचा कर वाचवणाऱ्या बाँडमध्ये ५० लाखांपर्यंत गुंतवता येतात. मग कर लाखाच्या आत येतो. पण पैसे पाच वर्षं अडकतात आणि व्याज सव्वापाच टक्क्यांच्या आसपास, तेही करपात्र. तुमचं घरभाडं पेन्शनमधून भागणार नसेल, तर सगळे ५० लाख तिथे घालू नका. थोडा कर भरा आणि ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाखांपर्यंत ठेवा. तिथे व्याज दर तिमाहीला हातात येतं.

आता किचन. करू नका. घेणारा स्वतःच्या आवडीचं करतो, आणि त्याला कर्ज देणारी बँक क्षेत्रफळ, मजला, इमारतीचं वय बघते. शटरचा रंग नाही. ७५ ची आशा सोडा. लाखभरात रंग, गळके नळ, चांगले दिवे, आणि माळ्यावरची भांडी खाली काढून द्या. फोटोत बेडरूमच्या खिडकीखाली ओल दिसतेय. तिच्यावर नुसता रंग फासू नका, बाहेरून गळती बंद करून घ्या. नाहीतर पहिल्याच पावसात ती परत फुटेल आणि घेणारा तेवढ्यावर दोन लाख कमी करायला सांगेल. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), भोगवटा प्रमाणपत्र आणि घरपट्टीच्या पावत्या एका फायलीत लावून ठेवा. बरेच सौदे त्याच कागदांसाठी अडतात.