जुना वाळूचा थर सुनामीचा की वादळाचा, हे कसं ओळखतात?

समुद्रकाठच्या मातीत सापडलेला वाळूचा थर सुनामीचाच कशावरून, वादळाचा का नाही, असं तुम्ही विचारलंय. नेमकं हेच बायकोचे थोरले भाऊ, अण्णा, मला केळशीत ऐकवत होते.

अण्णांना दापोली तालुक्यात अगदी समुद्राला लागून प्लॉट घ्यायचा होता. एजंट म्हणे, "इथे पिढ्यान्‌पिढ्या काही झालेलं नाही." मी भूगोलाचा मास्तर, गप्प कसा बसणार? दोघांनाही केळशीच्या वाळूच्या टेकडीपाशी नेलं. कड ढासळलीय तिथे वाळूत मध्येच एक मळकट पट्टा दिसतो, त्यात शिंपले आणि खापरांचे तुकडे. संशोधकांनी या थराचा संबंध 1524 च्या सुनामीशी जोडलाय. त्याच वर्षी दाभोळजवळ वास्को द गामाच्या ताफ्याला भर समुद्रात हादरे बसल्याची पोर्तुगीजांची नोंद आहे.

अण्णा एजंटसमोर हसले. "दाजी, तुम्ही गोदाकाठची माणसं, समुद्राचं तुम्ही काय सांगणार?"

हे मला आजही लागतं. अहो, गोदाकाठच्या माणसालाच हे आधी कळतं! 2008 च्या पुरानंतर पंचवटीतल्या आमच्या ओट्यावर बसलेला गाळ धुण्याआधी मी खुरप्याने उभा कापून पाहिला होता. तळाशी भरड वाळू, त्यावर बारीक, सगळ्यात वर बोटाला चिकटणारा मऊ गाळ. पाण्याचा जोर ओसरतो तसं जड ते आधी बसतं. सुनामीच्या थरातही अभ्यासक हीच उतरंड शोधतात.

आता फरक. वादळाच्या लाटा तासन्‌तास आपटत राहतात, त्यामुळे वाळू बहुधा किनाऱ्यालगतच साचते, पातळ पापुद्र्यांनी. सुनामीची एकेक लाट कित्येक मिनिटं आत घुसतच राहते. तिची वाळू दूरवर पसरते, आत जाईल तशी पातळ होत जाते, आणि खालच्या चिखलाचे उचकटलेले गोळे तिच्यात अडकलेले असतात. समुद्रातल्या सूक्ष्म जीवांची कवचंही सापडतात. जपानात सेंदाईच्या भातशेतीखाली 869 सालच्या सुनामीची अशीच वाळू किनाऱ्यापासून काही किलोमीटर आत सापडली होती. अभ्यासक तेव्हापासून सांगत होते, ऐकलं किती जणांनी? 2011 ला समुद्र पुन्हा तिथवर आला. थायलंडच्या फ्रा थोंग बेटावर तर 2004 च्या वाळूखाली काळ्या मातीआड तशीच आणखी वाळू निघाली, साधारण 550 ते 700 वर्षांपूर्वीची.

अर्थात एका खड्ड्यावरून निकाल देता येत नाही. मोठं चक्रीवादळही कधीकधी फसवतं. थराचं वय काढावं लागतं, त्याच वयाचा थर दूरच्या गावांतही मिळावा लागतो.

तुम्ही प्लॉटचं विचारलेलं नाही, तरी सांगतो. "पिढ्यान्‌पिढ्या काही झालं नाही" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. 28 नोव्हेंबर 1945 ला पाकिस्तान-इराणच्या मकरान किनाऱ्याजवळच्या भूकंपाची लाट थेट मुंबईपर्यंत पोचली, माणसं दगावली. ही काही पुराणातली गोष्ट नाही, आपल्या आजोबांच्या हयातीतली आहे. अण्णांनी शेवटी तोच प्लॉट घेतला. मी सुचवलेला चढावरचा होता, पाण्यापासून लांब, आणि स्वस्तही. समुद्र तिथूनही दिसत होता.