आठ वर्षांच्या मुलाला टाळूचा एक्सपांडर बसवायचा आहे. काय तयारी ठेवावी? खूप दुखतं का?

एक्सपांडर म्हणजे अरुंद वरचा जबडा रुंद करायला टाळूत बसवतात ते उपकरण. त्याच्या मधल्या स्क्रूला घरीच रोज चावी लावून फिरवायचं असतं. दुखण्याचं आधी सांगून टाकते. बसवताना दुखत नाही. त्याआधी काही दिवस दाढांच्या फटीत रबराचे छोटे सेपरेटर घालतात, तेच जास्त ठणकतात. पुढे रोज चावी फिरवली की थोडा वेळ टाळूत, नाकाच्या मुळाशी, कधी दोन डोळ्यांच्या मधे दाब येतो. सुरुवातीला पॅरासिटामॉल लागली तर डॉक्टरांना डोस विचारून ठेवा. झालं.

मी लिहायला बसले ते तुम्ही प्रश्नाखाली लिहिलेल्या एका ओळीमुळे. ‘घरचे म्हणतात एवढी काय घाई, बारा-तेराचा झाला की एकदमच ब्रेसेस लावू.’ आमच्या इचलकरंजीच्या घरात हे वाक्य मी चहाबरोबर, जेवणाबरोबर आणि फोनवर असं सगळीकडून ऐकलंय.

लेक तिसरीत होती. वरचा जबडा अरुंद, त्यामुळे एका बाजूच्या वरच्या दाढा खालच्यांच्या आत पडायच्या आणि घास चावताना ती खालचा जबडा बाजूला सरकवायची. डॉक्टरांनी एक्सपांडर सांगितला. माझ्या नणंदेच्या मुलाचीही तीच तऱ्हा होती, तो लेकीपेक्षा थोडा मोठा. वन्संनी बसल्या जागी निकाल दिला, “दुधाचे दात पडले की जागा आपोआप होते गं. हे सगळं आत्ताचं फॅड, पैसे काढायचे धंदे.”

फॅड म्हणे! सॅन फ्रान्सिस्कोच्या इमर्सन एंजल नावाच्या दंतवैद्याने चौदा-साडेचौदा वर्षांच्या मुलीच्या टाळूत स्क्रू बसवून जबडा रुंद केला, ते 1860 साली छापून आलंय. तेव्हाही लोकांनी त्याला वेड्यात काढलं होतं. दात पडल्याने हाड रुंद होत नाही. वरच्या जबड्याचे दोन भाग टाळूच्या मधोमध सांध्याने जोडलेले असतात. लहान वयात हळूहळू दाब दिला की तो सांधा उघडतो आणि मधल्या जागेत नवीन हाड भरतं. वयात येताना तो घट्ट होत जातो, मुलींचा जरा लवकरच. सोळा-सतराच्या पुढे नुसत्या चावीने उघडेल याचा भरवसा नसतो. मग हाडात स्क्रू मारा, नाहीतर ऑपरेशन करा.

तर आम्ही बसवला. पहिल्या रात्री नवऱ्याने त्या चावीकडे बघितलं आणि गाडी आत लावायला म्हणून जो खाली गेला तो सगळं आवरल्यावरच वर आला. मी टॉर्च धरला तर माझाच हात थरथरतोय, लेक तोंड मिटतेय, सासूबाई देवघरापाशी उभ्या. शेवटी अप्पा, म्हणजे माझे सासरे, हात धुऊन आले. जन्मभर पॉवरलूमवर जॉबर, म्हणजे माग जुळवून-दुरुस्त करणारे, होते. त्यांनी तिला पलंगावर आडवं केलं, मान माझ्या मांडीवर, टॉर्च माझ्याच हातात. चावीचा दोरा स्वतःच्या मनगटाला बांधला, निसटून घशात जायला नको म्हणून. स्क्रूच्या समोर दिसणाऱ्या भोकात चावी घातली आणि सावकाश घशाच्या दिशेने ढकलली. “नवीन भोक पूर्ण दिसेस्तोवर थांबायचं नाही. अर्धवट फिरवलेला स्क्रू म्हणजे दुसऱ्या दिवशीची भांडणं.” मग चावी पुढे न ओढता मागच्या बाजूनेच खाली काढली. हे नीट लक्षात ठेवा. पुढे ओढलीत तर फिरवलेलं उलटं येतं, आणि अर्धवट सोडलंत तर दुसऱ्या दिवशी भोकच सापडत नाही. लेक म्हणाली, “झालं पण?”

त्यानंतर ते काम अप्पांचंच. रोज कालनिर्णयवर खूण. अशा एका फेऱ्याला साधारण पाव मिलिमीटर जागा वाढते. बहुतेक डॉक्टर दिवसातून एकदा किंवा दोनदा फिरवायला सांगतात आणि दोन-तीन आठवड्यांत फिरवणं संपतं. किती फेरे, कधी थांबायचं, हे लिहूनच घ्या.

मग पुढच्या दोन दातांत फट पडली. पडायलाच हवी, सांधा उघडल्याची ती खूण आहे, आणि काही महिन्यांत ती बहुतेक वेळा आपोआप मिटते. हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, मी घरात सगळ्यांना सांगितलं होतं. तरी रविवारी वन्सं आल्या, पोरीला हसायला लावलं, फोटो काढला आणि भावकीच्या ग्रुपवर टाकला. ‘बघा, चांगले दात फाकवून ठेवलेत.’ खाली सगळ्यांचे रडके चेहरे. एका मावशींनी तर लग्नाच्या वेळी काय सांगणार असंही विचारलं. पोरगी तिसरीत!

बोलण्याचं म्हणाल तर सुरुवातीला ट, ड, ण, ळ यांचे हाल होतात, कारण जीभ जिथे टेकायची तिथेच स्क्रू असतो. लाळही फार सुटते. शाळेत बाईंना आधी सांगून ठेवा, मोठ्याने वाचायला लावा, आठ-पंधरा दिवसांत जीभ वाट काढते. खाण्यात चपाती सगळ्यात वाईट. टाळू आणि स्क्रू यांच्या मधे तिचा लगदा जाऊन बसतो. पोहे आणि साबुदाणाही तसेच. आम्ही ताकात कुस्करलेली भाकरी, मऊ भात, शिरा यांवर दिवस काढले. बिनसुईची सिरिंज आणून ठेवा, जेवण झालं की पाण्याची धार मारायची. चिक्की, ऊस, च्युइंगम बंद.

नणंदेचा मुलगा आता सतरा वर्षांचा आहे. त्याला ऑपरेशन करून जबडा रुंद करायला सांगितलंय. परवा वन्संचा फोन आला, “अप्पा ती चावी कशी गं फिरवायचे?” मला बरंच काही बोलता आलं असतं. बोलले नाही, सगळं नीट समजावून सांगितलं. म्हणून तर इथे एवढं लिहितेय. तुमच्या घरी जे थांबा म्हणतात त्यांना एकच विचारा, उद्या ऑपरेशन सांगितलं तर दवाखान्यात रात्री कोण झोपणार आहे?

आता हेही सांगायला हवं. सगळ्याच मुलांना हे लागत नाही. नुसते दात वाकडे आहेत म्हणून बसवा म्हणत असतील तर दुसऱ्या ऑर्थोडॉन्टिस्टला, म्हणजे दात-जबडा सरळ करणाऱ्या डॉक्टरांना, दाखवा. पक्क्या दाढा पूर्ण वर आलेल्या नाहीत म्हणून डॉक्टरच थांबा म्हणाले तर जरूर थांबा, ते थांबणं वेगळं. मूल तोंडाने श्वास घेत असेल, घोरत असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून ॲडेनॉइड, म्हणजे नाकाच्या मागची गाठ, तपासून घ्या, एक्सपांडर हा त्यावरचा इलाज नाही. पुढे ब्रेसेस लागणारच नाहीत, असंही समजू नका. फिरवणं संपलं तरी तो तोंडात आणखी काही महिने राहतो, मधे हाड भरेपर्यंत. काढायचा हट्ट करू नका. हलायला लागला तर चावी लावू नका, सरळ दवाखाना गाठा.

आणि तारीख घेताना कॅलेंडर बघा. आमचा नेमका गणपतीच्या तोंडावर बसला, आणि मोदकाची उकड टाळूला कशी बसते ते सिरिंज हातात घेतल्याशिवाय कळायचं नाही.