नगरसेवकपदाची तयारी : पुण्यातील तीन वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी कसबा पेठेतील एका जुन्या वाड्यात राहते. वय ३४ वर्षे, खासगी कंपनीत लेखापाल आहे. १५ जानेवारी २०२६ रोजी झालेली महापालिका निवडणूक जवळून पाहिल्यानंतर पुढची निवडणूक स्वतः लढवावी, असे मी ठरवले आहे. शनिवारवाड्याच्या आसपासच्या वाड्यांची पुनर्बांधणी हा माझा मुख्य मुद्दा असेल. हाताशी असलेल्या काळात मी काय करावे?

उत्तर : आपण इतक्या आधी विचारत आहात, याचा मला आनंद वाटतो. कोणती जागा कोणासाठी राखीव हे ठरवणारी आरक्षणाची सोडत निघाल्यावर आलेल्या पत्राला अर्जाच्या कागदांपलीकडे फारसे काही सांगता येत नाही.

आपण निवडलेल्या मुद्द्यापासूनच सुरुवात करू, कारण नगरसेवकाचे अधिकार कोठे संपतात हे त्यातूनच नीट कळते. शनिवारवाडा हे केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. प्राचीन स्मारकांविषयीच्या १९५८ च्या कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली आणि अशा स्मारकाच्या हद्दीपासून शंभर मीटरपर्यंतचे क्षेत्र प्रतिबंधित, तर त्यापुढील दोनशे मीटरचे क्षेत्र नियंत्रित ठरले. प्रतिबंधित क्षेत्रात नवे बांधकाम करता येत नाही. १६ जून १९९२ पूर्वीपासून उभ्या असलेल्या इमारतींच्या दुरुस्तीला परवानगी मिळू शकते, परंतु त्यासाठी राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे प्रकरण जावे लागते. हा संसदेचा कायदा आहे. महापालिकेच्या मुख्य सभेने, म्हणजे सर्व नगरसेवकांच्या सभेने, एकमताने ठराव केला तरी त्यातील एक मीटरही कमी होत नाही. शंभर मीटरच्या बाहेरच्या वाड्यांचीही स्थिती पूर्णपणे महापालिकेच्या हातात नाही, कारण चटईक्षेत्र (किती बांधकाम करता येईल) आणि सामासिक अंतरे (इमारतीभोवती किती मोकळी जागा सोडायची) ठरवणारी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली राज्य सरकारने २०२० मध्ये लागू केली आहे.

म्हणून ‘मला निवडून द्या, वाड्यांचा प्रश्न सोडवते’ असे आश्वासन आपण देऊ नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. ते पाळता येणार नाही, हे आपल्याला आजच माहीत आहे. पाळता येईल असे मात्र पुष्कळ आहे. धोकादायक वाड्यांना महापालिका पावसाळ्यापूर्वी नोटिसा देते. नोटीस मिळालेल्या वाड्याची तांत्रिक तपासणी खरोखर झाली का, वाडा उतरवण्यापूर्वी प्रत्येक भाडेकरूच्या ताब्यातील क्षेत्र मोजून त्याची लेखी नोंद झाली का, बाहेर पडलेल्या कुटुंबांची तात्पुरती सोय कोठे केली, ही विचारणा नगरसेवक अधिकाराने करू शकतो. दुरुस्तीचा अर्ज कसा भरायचा, कोणती कागदपत्रे जोडायची, कोणत्या कार्यालयात तो अडकतो, याचे मार्गदर्शन करणारा माणूस पेठांत मिळत नाही. ते काम आपण नगरसेवक नसतानाही सुरू करू शकता, आणि मी आपल्या जागी असतो तर तेथूनच आरंभ केला असता. अशा दहा-वीस कुटुंबांची प्रकरणे हाताळल्यावर मालक आणि भाडेकरू यांच्यातील तेढ, वारसांची भांडणे आणि कायद्याची अडचण यांपैकी वाडा नेमका कशामुळे अडला आहे, हे आपल्याला अनेक पदाधिकाऱ्यांपेक्षा अधिक स्पष्ट दिसेल. केंद्राचा कायदा बदलण्याची मागणी जरूर करावी, पण ती खासदारांकडे करावी आणि मतदारांनाही तसे सरळ सांगावे.

दुसरी गोष्ट पैशांची, आणि आपण लेखापाल आहात म्हणून ती आपल्याला इतरांपेक्षा सोपी जाईल. पुणे महापालिकेचे २०२५-२६ चे अंदाजपत्रक साडेबारा हजार कोटी रुपयांहून अधिक होते. आयुक्त ते स्थायी समितीपुढे मांडतात, सोळा सदस्यांची ही समिती त्यात बदल सुचवते आणि शेवटी ते मुख्य सभेत मंजूर होते. प्रभागातील किरकोळ कामांसाठी नगरसेवकांना मिळणारी ‘स’ यादीतील तरतूद सर्वांना ठाऊक असते, कारण बाके, फलक आणि सुशोभीकरण त्यातूनच दिसू लागते. वर्षअखेरीस होणारी वर्गीकरणे मात्र फार थोडे लोक वाचतात. एका कामासाठी ठेवलेला निधी दुसऱ्या कामाकडे वळवण्याचा हा प्रस्ताव असतो, आणि आपल्या भागातील मंजूर झालेली जलवाहिनी किंवा मलवाहिनी का झाली नाही, याचे उत्तर पुष्कळदा तेथे सापडते. आपण आपल्या प्रभागापुरती मागील काही वर्षांची वर्गीकरणे माहिती अधिकारात मिळवून त्यांचा ताळेबंद मांडावा. २००६ पासून पुण्यात नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक तयार करण्याची पद्धतही आहे. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज भरून छोटी कामे सुचवता येतात. दरवर्षी दोन-तीन कामे सुचवून ती होईपर्यंत पाठपुरावा करणे, हे सभागृहातील कामाचे उत्तम शिक्षण आहे.

कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे असतात आणि आयुक्तांची नेमणूक राज्य सरकार करते, हे कळल्यावर काही जण निराश होतात. मार्च २०२२ पासून निवडणूक होईपर्यंत प्रशासकाने कारभार पाहिलाच, मग नगरसेवक हवेत कशाला, असेही कोणी विचारतात. मला हा विचार घातक वाटतो. त्या काळात कामे झाली नाहीत असे नाही, परंतु ती कोणी मागितली, कोणी विरोध केला आणि का केला, हे उघड सभागृहात नोंदले गेले नाही. महात्मा फुले १८७६ ते १८८३ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतावर नगरपालिकेचा पैसा खर्च करण्यास त्यांनी विरोध केला. ते नियुक्त सदस्य होते, मताधिक्य त्यांच्या बाजूने नव्हते आणि तरीही तो विरोध आज आपल्याला माहीत आहे. सभागृहात अल्पमतात राहून लेखी प्रश्न विचारणारा, विषयपत्रिका वाचून येणारा नगरसेवक शहराच्या उपयोगी पडतो, हे मी ठामपणे म्हणू शकतो.

प्रभागाच्या सीमेवर मात्र फार विसंबू नये. पुण्यात २००२ मध्ये तीन सदस्यांचा प्रभाग होता, २००७ मध्ये एक सदस्याचा, २०१२ मध्ये दोन सदस्यांचा आणि २०१७ मध्ये चार सदस्यांचा. २०२६ मध्येही चार सदस्यांचीच रचना राहिली, पण पुढे काय होईल हे आज कोणीच सांगू शकत नाही. निम्म्या जागा महिलांसाठी राखीव असतात आणि आपण सर्वसाधारण जागेवरही उभ्या राहू शकता, त्यामुळे सोडतीची चिंता आपल्याला तुलनेने कमी आहे. शेजारच्या दोन-तीन पेठांतही आपले काम पोहोचलेले असावे, इतके पाहावे.

प्रश्न : २०२१ साली महापालिकेत समाविष्ट झालेल्या एका गावातील गृहसंकुलात आम्ही राहतो. टँकरच्या पाण्यावर संकुलाचा मोठा खर्च होतो. मूळ गाव मराठवाड्यात असून मतदार यादीत नाव तेथेच आहे. पुढील निवडणुकीत आमच्या संकुलांनी एकत्र येऊन मला अपक्ष उभे करावे, असा विचार सुरू आहे. हे शक्य आहे का?

उत्तर : आधी मतदार यादीचे पाहावे, बाकी सर्व नंतर. महापालिका निवडणुकीसाठी वेगळी नावनोंदणी होत नाही. राज्य निवडणूक आयोगाने ठरवलेल्या तारखेला विधानसभेची जी यादी असते, तीच प्रभागनिहाय विभागली जाते. त्यात आपले नाव नसेल तर आपल्याला मतही देता येणार नाही आणि उभेही राहता येणार नाही. स्थलांतराचा अर्ज नमुना क्रमांक ८ मध्ये आजच भरावा आणि संकुलातील प्रत्येक कुटुंबाकडून भरून घ्यावा. पाण्यासाठी मोर्चा काढणाऱ्या कितीतरी संकुलांतील निम्मे रहिवासी मतदारच नसतात, आणि राजकीय पक्षांना हे चांगले ठाऊक असते.

अपक्ष लढण्याविषयी माझे मत आपल्याला कदाचित रुचणार नाही. चार सदस्यांच्या प्रभागात २०११ च्या जनगणनेनुसार साधारण ऐंशी-पंच्याऐंशी हजार लोकसंख्या येते, आणि आपल्यासारख्या भागात प्रत्यक्षातील आकडा त्याहून पुष्कळ मोठा आहे. मतदार अ, ब, क आणि ड अशा चारही जागांसाठी वेगवेगळे मत देतो, पक्षाचे चौघे एकत्र प्रचार करतात, एकच पत्रक छापतात, प्रत्येक मतदान केंद्रावर त्यांचा माणूस असतो. एकटा अपक्ष येथे बहुधा टिकत नाही. चार जागांसाठी चार उमेदवारांची आघाडी उभारता येत असेल, आणि त्यांतील निदान दोघे मूळ गावातले असतील, तरच हा मार्ग धरावा.

गावातले उमेदवार हवेत, हे मी केवळ मतांच्या गणितासाठी म्हणत नाही. २०१७ मध्ये अकरा आणि ३० जून २०२१ रोजी तेवीस गावे महापालिकेत आली. नंतर फुरसुंगी आणि उरुळी देवाची वगळली गेली. २०२१ मध्ये आलेल्या गावांची ग्रामपंचायत गेली आणि जानेवारी २०२६ पर्यंत त्यांना महापालिकेत एकही निवडून दिलेला प्रतिनिधी नव्हता, मिळकतकराची बिले मात्र आली. संकुलातील रहिवाशाला ग्रामस्थ रस्त्याला जमीन न देणारा वाटतो, तर ग्रामस्थाला संकुलवासी हा गावाचे पाणी संपवणारा वाटतो. विकास आराखड्यातील रस्ता ज्यांच्या शेतातून जातो त्यांना योग्य मोबदला मिळाल्याशिवाय तो रस्ता होणार नाही, आणि रस्ता झाल्याशिवाय त्याखालून जाणारी जलवाहिनीही येणार नाही. टँकर बंद करण्याची वाट गावातील त्या शेतकऱ्यांच्या ओसरीवरून जाते. निवडणुकीचा विषय बाजूला ठेवून आपण त्यांच्याकडे जाऊन बसावे, आणि हे पुढील काही महिन्यांतच करावे.

पक्षाकडून उभे राहण्याचा विचार झाला तर एक ध्यानात असू द्यावे. पक्षाची अधिकृत उमेदवारी देणारा एबी फॉर्म पुष्कळदा शेवटच्या दिवसापर्यंत हाती येत नाही, आणि निवडून आल्यावर पक्षादेश मोडल्यास पक्षांतराविषयीच्या १९८६ च्या राज्य कायद्यानुसार सदस्यत्व जाऊ शकते.

प्रश्न : महापालिकेच्या कामांचे ठेके घेणाऱ्या माझ्या भावाच्या फर्ममध्ये मी भागीदार आहे. घराच्या गच्चीवर पत्नीच्या नावाने परवानगी न घेता एक खोली बांधलेली आहे. उमेदवारीत याची अडचण येईल का?

उत्तर : दोन्ही बाबतींत येईल. महापालिकेशी झालेल्या करारात स्वतःचा किंवा भागीदारामार्फत हितसंबंध असणे ही महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातील स्पष्ट अपात्रता आहे. भागीदारीतून कायदेशीररीत्या बाहेर पडावे आणि त्याची कागदपत्रे उमेदवारी अर्जाच्या पुष्कळ आधीची असावीत. कागदावर बाहेर पडून प्रत्यक्षात नफा घेत राहणे हे मतदारांशी केलेले असत्य वर्तन ठरेल. तसे करायचे असेल तर उभे राहू नये. खोलीचेही तसेच आहे. अनधिकृत बांधकाम स्वतः, पत्नीने किंवा अवलंबून असलेल्या व्यक्तीने केलेले असले तरी नगरसेवकपद जाऊ शकते. ती खोली नियमित होते का, हे परवानाधारक वास्तुविशारदाला दाखवावे आणि होत नसेल तर काढून टाकावी.

उरलेल्या अटी थोडक्यात देतो. वय २१ वर्षे पूर्ण हवे, महापालिकेची थकबाकी नसावी, कायद्यात ठरवलेल्या तारखेनंतर दोनपेक्षा अधिक अपत्ये झालेली नसावीत आणि मालमत्ता, शिक्षण व गुन्हेगारी प्रकरणे यांचे शपथपत्र खरे असावे. राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्राचे काम सोडतीची वाट न पाहता हाती घ्यावे. निकालानंतर तीस दिवसांत खर्चाचा हिशेब द्यावा लागतो. पराभूत उमेदवारालाही तो चुकत नाही, आणि न दिल्यास पुढील निवडणुकीपूर्वीच अपात्र ठरण्याची वेळ येते.